चोवीस तासांचं माप

सरांनी दिलेला फॉर्म दोन पानी.
वय. ताप किती दिवसांचा. डोळे लाल का.
पोटऱ्या दाबल्यावर ओरडतो का.
प्लेटलेट, क्रिएटिनिन, बिलिरुबिन,
छातीत खरखर, लघवी किती.
प्रत्येक होकाराला गुण, शेवटी बेरीज,
आणि बेरजेवरून सांगायचं
यातला कोण बिघडणार.
दीडशे पेशंट झाले की प्रबंध पुरा.

खडकवासल्यातून पाणी सोडलं त्याला आठवडा झाला.
भिडे पूल पुन्हा दिसायला लागला,
खांबांना गुंडाळलेल्या चिंध्या, एक उशी.
लोक म्हणाले, ओसरलं.
आमच्याकडे तेव्हा सुरू होतं.
ओल्या जखमेतून आत गेलेलं
सात दिवस, दहा दिवस गप्प बसतं.
नदी उतरते
तेव्हा वॉर्ड चढत जातो.

नऊ नंबर : इरफान बागवान, चोवीस,
मार्केटयार्डात बटाट्याची पोती उचलतो.
आला तोच हळदीत बुडवल्यासारखा,
बिलिरुबिन एकोणीस.
बेरीज अकरा. मी आयसीयूला तीन फोन केले,
भांडून शेवटचा बेड मिळवला.

अकरा नंबर : भागुजी सकट, एक्केचाळीस,
ड्रेनेजच्या कामावर, कंत्राटी.
डोळे लाल. मी विचारायच्या आत म्हणाला,
"दारूचे नाहीत मॅडम. आम्हाला सगळे आधी तेच विचारतात."
पोटऱ्या इतक्या दुखऱ्या
की चादरही नको म्हणायचा.
गमबूट? "दोन जोड होते. माणसं नऊ."
याला फॉर्मवर रकाना नाही.
बेरीज चार.
निळ्या पेनानं लिहिलं : धोका कमी.

तिसऱ्या दिवशी सुलामावशी झाडू घेऊन दारात.
"बाई, अकरा नंबर बघा जरा."
का?
"रोज मला शिकवतो. झाडू आडवा धर,
कोपऱ्यातून काढ, मधून काय काढतेस.
आज मी मुद्दाम कोपरा सोडला.
बघितलंन्, आणि गप बसला."

मी हसले, हे कबूल करते.
रिपोर्ट सकाळचेच होते, फार वाईट नव्हते.
मग पलंगाखालचं भांडं उचललं.
कालपासूनचं सगळं मिळून
शंभर मिलीसुद्धा नाही,
रंग उकळून उकळून काळ्या पडलेल्या चहाचा.

फॉर्मवर मात्र माझ्याच अक्षरात : लघवी ठीक.
मी त्यालाच विचारलं होतं, घाईत, उभ्या उभ्या.
तो म्हणाला होता, "होते की."
डॉक्टरला कशाला त्रास, अशा सुरात.
त्या तीन अक्षरांचा
मी शून्य गुण मांडला.

रात्री खोकल्यातून रक्ताचा धागा आला.
पहाटेपर्यंत नळी, डायलिसिसची तार,
वॉर्डाच्या टोकाला ढकलत आणलेलं मशीन,
कारण आयसीयूत जागा नाही.
तिथं इरफान उठून बसलाय,
पिवळाच, पण भरपूर लघवी करणारा,
आईला सांगतोय खिमा आण.

कौसाबाईनं विचारलं, वाचंल का.
मी शंभरातले आकडे सांगायला लागले.
ती म्हणाली, "शंभर कुणाकडं असतील त्यांना सांगा."
आणि माझ्याच खुर्चीवर बसली.
मीही उठ म्हटलं नाही.

फॉर्ममध्ये आता "विचारले" खोडून "मोजले" केलंय.
समासात पेन्सिलीनं "कोपरा" लिहिलंय,
सर बघतील आणि खोडतील,
मी पुन्हा लिहीन की नाही, माहीत नाही.

आज सकाळी सहा वाजता : तासाला बारा मिली.
काल पाच होती.
बारा म्हणजे चांगलं का?
सिस्टर शेलार नुसत्या बोटं दुमडून मोजत राहिल्या.

सुलामावशी सगळा वॉर्ड झाडते,
फरशी पुसते, बादली पिळते.
अकरा नंबरचा कोपरा तेवढा ठेवते.
चार दिवसांची धूळ, कापसाचा बोळा, एक टोपण.
सुपरवायझर ओरडून गेला.
ती म्हणाली, असू दे.
बोलणारा बोलेल.