सत्तावीस पानं तरी

भोपळे उतरवून घेताना अब्बा
आधी पेरानं टकटक करतात,
मग कान लावतात,
मग भोपळेवाल्याकडे न बघता म्हणतात, "हा नको."

मी पुस्तकं अशीच घेते.
मधलंच पान उघडायचं,
एक ओळ ओठांत म्हणून बघायची.
पोकळ तर दोन्ही भोपळे असतात.
एक नुसता रिकामा असतो,
एकात जागा असते.

तर आठवी ब, नववी अ
आणि सव्वासातच्या मिरज-सांगली बसमधले सगळे,
ऐका.

तेजल, तुला ते विटकरी.
कव्हर नाही, नाव नाही,
पहिली चार पानं बहुतेक चिवड्याला गेली.
एक मुलगी नदीच्या तळाचा नकाशा काढते, एवढंच आहे त्यात.
पाण्यात उतरत नाही. विचारत फिरते:
तुमची कळशी कुठं बुडाली,
म्हैस कुठं घाबरली,
पायाला चिखल लागला की वाळू.
तू कृष्णाघाटावर तासतासभर गप्प बसतेस ना,
म्हणून.

अफीफा, भुताचं तुला देणार नाही,
रात्री फोन मलाच येतो.
तुला दोन भावांचं.
भांडलेत, आणि एकमेकांना फक्त हिशेब पाठवतात:
तेल इतकं, सुतळी इतकी, हमाली इतकी.
एका पानावर मात्र,
"आंबे दोन. तुझ्यासाठी ठेवले होते. नासले."
तिथं मी रडले. विजयनगर ते विश्रामबाग.
कंडक्टरनं सुटे पैसेसुद्धा मागितले नाहीत.

शेवट सांगणार नाही.
शेवट सांगणाऱ्या एकीशी मी दोन वर्षं बोललेली नाही.
(सायमा, तू.)

नियम एकच. सत्तावीस पानं तरी वाचा.
स्टँड ते स्टँड माझी तेवढीच होतात.
नाही आवडलं तर परत द्या, मी रागावत नाही.

हे खोटं आहे.
प्रज्वल पाटोळेला मी सगळ्यांत चांगलं दिलं होतं.
त्यानं सत्तावीस मोजून वाचली,
अठ्ठाविसाव्यावर तिकीट ठेवलं
आणि परत केलं. "नाही जमलं.
तुझं पुस्तक फार बोलतं."
दोन दिवस मी मागच्या सीटवर बसले.

तिसऱ्या दिवशी त्यानं दप्तरातून काढलं,
काळे ठसे, ग्रीसचा वास,
मामाच्या गॅरेजमधलं डिझेल इंजिन दुरुस्तीचं.
"हे वाच," म्हणाला. "सत्तावीस पानं तरी."

मी हसायच्या तयारीनंच उघडलं.
पान एकोणीस:
काहीही खोलण्यापूर्वी इंजिन चालू करावे.
हात खिशात ठेवावेत. ऐकावे.
आवाज कुठून येतो हे कळेपर्यंत
पाना उचलू नये.

रात्री अब्बा तानपुऱ्याची जवारी लावत होते.
तारेखालचा दोरा केसभर सरकवायचा,
छेडायचं, थांबायचं,
परत केसभर.
मी ते पान मोठ्यानं वाचलं.
कानस हातात तशीच राहिली.
"कुणी लिहिलंय?
पुन्हा वाच."

अब्बांना आजवर मी सोळा पुस्तकं वाचून दाखवली.
"पुन्हा वाच" कधीच नव्हतं आलं.
"दिवा मालव" आलं होतं.

तेव्हा यादीत बदल.
एक नंबरला आता ते तेलकट पुस्तक.
प्रज्वलकडून मागून घ्या,
मामाला कळू देऊ नका.
बाविसावं पान चिकटलंय, ओढायचं नाही,
उजेडासमोर धरलं की मागूनही वाचता येतं.

आणि प्रज्वल, तुझ्यासाठी
दुसरं काही शोधलेलं नाही अजून.
तू खिडकीच्या गजावर बोटांनी काय वाजवतोस,
टपावर पाऊस नसतानाही वर का बघतोस,
तेवढं आधी ऐकतेय.
हात खिशात आहेत.

तेजल, विटकरी पुस्तक सोमवारी परत हवंय.
ओलं करू नकोस.