माल एक, पावत्या दोन

पुराचा गाळ गॅल्व्हॅनोमीटरमध्येही शिरला होता.
काच पुसली, बिजागऱ्या वाळवल्या,
तरी सुई शून्यापासून दोन घरं सरकूनच बसायची,
एकाच कुशीवर निजायची सवय लागल्यासारखी.
कॉइल मात्र गेलीच.
वेढ्यावेढ्यांत कृष्णेची बारीक माती.

ती पिशवीत घालून मिरजेला दस्तगीर मुजावरांकडं गेले.
ते पाणबुडी मोटारी भरून देतात.
दुकानात वार्निशचा वास, दाराशी जळक्या तारांचे झुबके.
"किती वेढे?"
"दोनशे चाळीस."
"एवढ्याशानं कुठली मोटार फिरणार?"
मोटार नाही चाचा, पोरांना दाखवायचंय,
चुंबक आत ढकललं की तारेत वीज उठते ते.
त्यांनी हात न थांबवता विचारलं,
"आणि चुंबक धरून ठेवलं, कॉइलच पुढं आणली तर?"
"तेवढीच उठते."
"मंजे सुईला कळत न्हाई, कोण आलं?"
"नाही."
"मग पुस्तकात काय लिवलंय?"

पुस्तकात दोन कारणं होती.
चुंबक हललं तर : भोवती विद्युतक्षेत्र जन्मलं,
त्यानं तारेतला प्रभार हाकलला.
तार हलली तर : असलं क्षेत्र-बित्र काही नाही,
चालत्या प्रभारावर चुंबकाचाच जोर पडला.

चाचा हसले. वेढा चुकला, परत उलगडला.
"माल एक, पावत्या दोन?
जीएसटीवाले धरतील की, मॅडम."

सव्वाशे वर्षं होत आली,
दूर देशी पेटंटच्या कचेरीतल्या एका तपासनिसाला
हीच पावती खटकली होती.
त्यानं लिहिलं : हलतंय कोण,
हे एकट्याला विचारू नका.

ऑगस्टात आयर्विन पुलाच्या कठड्याला टेकून
पाण्याकडं टक लावून बघितलंय कधी?
जरा वेळानं पाणी थांबतं
आणि पूल निघतो,
कमानींसकट, उलटा, कऱ्हाडच्या दिशेनं.
लोक विचारतायत किती फूट, किती फूट,
आणि मी कठडा घट्ट धरून
चाललेय.

पण पुलावर पटलं म्हणून सिद्ध होत नाही.
कुणी प्रभारित पत्रे बारीक तारेनं टांगले :
पृथ्वी धावतेय, तर हे वळतील.
वाट बघितली. वळले नाहीत.
कुणी रेडियमच्या कणातून सुटलेले इलेक्ट्रॉन
चुंबकाच्या नि विजेच्या ओढीतून नेऊन
फोटोच्या काचेवर उतरवले.
एक बाकदार रेघ, नखाच्या कोरीएवढी.
सूक्ष्मदर्शकाखाली मोजली, पुन्हा मोजली,
आणि जाहीर केलं :
तपासनिसाचं गणित जुळत नाही.

इथं वर्ग सावरून बसतो.
मग? मग काय झालं?
त्यानं आकडे लपवले नाहीत,
गणितही मागं घेतलं नाही.
पुढं कुणी शंका काढली, नळीत थोडी हवा राहिली असेल.
दोनेक वर्षांनी दुसऱ्याची रेघ त्याच्या बाजूनं पडली.
तिच्यावरही भांडण झालंच.

सन्मती मगदूमच्या वहीत
चुंबक ढकलून चौदा घरं,
कॉइल ढकलून बारा.
बाराचं त्यानं खोडरबरानं चौदा केलेलं.
म्हटलं, बारा परत लिही.
"पण मॅडम, सारखंच यायला पाहिजे ना?"
पाहिजे.
हात हळू चालला असेल. सुईत गाळ असेल.
नाहीतर टेबल हललं असेल, वरच्या मजल्यावर बाकं ओढतायत.
शोध. तोवर बारा.

त्यानं लिहिलं, जरा रागानंच.
पेन्सिलीखाली पुसलेला चौदा अजून दिसतोय.

चाचांची पावती मी वहीच्या कव्हरात ठेवलीय :
कॉइल, एक नग. वेढे २४०.
खाली त्यांच्या अक्षरात,
कुणी न विचारता,
"कोणीबी हलवा."