एक तरी पान लाल

वर बघू नकोस, म्हणाला झानेट्टी,
वर सगळंच हिरवं, सगळंच उंच,
मानेला रग लागेल फुकटची.
जंगलात झाड ओळखायचं ते पायाशी.

अ‍ॅथर्टनच्या पठारावर ऑगस्टचा गारठा.
त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू, हातात काठी.
माझ्या वहीत अकरा नावं,
त्यातली सात खोडलेली.

काठीनं त्यानं पाचोळा उकरला.
हे बघ, म्हातारं पान. गळण्याआधी लालभडक होतं.
बारा महिने, थोडी थोडी.
वर कुठंतरी आत्ताही एक तरी असेलच लाल.
क्वॉन्डाँग. लिही.

पायवाटेवर कॅसोवरीची विष्ठा,
परातभर, अख्ख्या निळ्या फळांची.
मी नाक धरलं. त्यानं गुडघे टेकले.
घास साल. निळं लागलं हाताला? नाही ना.
रंग नाहीच तो, उजेडाची करामत.
आणि आत ही बी, खाचाखाचांची,
रुद्राक्षाच्या भावकीतली.

वटवाघूळ चोखून टाकतं झाडाखालीच.
सशाहून लहान एक कांगारू आहे इथं,
ते पुरून ठेवतं आणि विसरतं.
पारवा नेतो थोडं लांब.
पण ओढा ओलांडून, चढण चढून,
पोटात घालून नेणारा हा एकच.

मग बराच वेळ काही नाही.
मग आपणहून:
एकसष्ट साली वल्ही करायचो यांची.
हलकं, पांढरं लाकूड.
एकावर दोन घाव घातले
आणि नर आला, मागे चार पट्टेरी पिल्लं.
(आई अंडी घालून निघून जाते त्यांच्यात.)
फळं वेचत राहिली माझ्या बुटांभोवती.
कुऱ्हाड खाली ठेवली मी.
दया नव्हे गं, भीती. त्याचा पंजा पाहिलायस?

आणि दुसऱ्या दिवशी?
मी विचारलं.

तो फळ्यांसारख्या मुळांवरून
हात फिरवत निघाला होता,
एका झाडाला, दुसऱ्याला वळसा घालून.
तिसऱ्यापाशी थांबला.
तिथं साल मिटली होती
दोन ओठांसारखी, वाकडी.

हेही क्वॉन्डाँगच, मी म्हणाले, वही उघडत.
ती जात झाली, तो म्हणाला.
हे ते झाड.

त्याला कुठला रकाना नव्हता माझ्याकडे.

टप्पकन काहीतरी पडलं पाचोळ्यात.
त्यानं मान वर केली नाही,
फक्त आवाजाच्या दिशेनं काठी वळवली.
देतंय अजून, म्हणाला.