चौथ्या मणक्याखाली

छपरावरून पडलो त्याला आता सात वर्षं.
पोर्वेनीरच्या बाहेर, कातरणीच्या शेडचं छप्पर.
वाऱ्यानं पत्रा उचलला, पत्र्याबरोबर मला.
छातीचा चौथा मणका.
स्तनाग्रांच्या रेषेखाली सुई टोचा, उकळतं ओता,
कुणीतरी मला येऊन सांगावं लागतं.

पण मी नसलो तरी तिथलं बिऱ्हाड चालू आहे.
आतडी आपल्या वेळेनं सरकतात,
मूत्रपिंडं रात्रभर गाळत बसतात,
एदुविनानं केलेलं मेंढीचं कालवण
कुठवर पोचलं, कुणी वाटून घेतलं,
मला हिशेब देत नाही कुणी.
खरं तर पूर्वीही देत नव्हतं.
दोन पायांवर होतो तेव्हाही
हृदयाला ‘जरा दमानं’ म्हटलेलं त्यानं ऐकलं नाही.
अंधारात मोठं व्हायचं असतं
हे डोळ्यांतल्या बाहुल्यांना मी शिकवलं नव्हतं.

इस्पितळातली यास्ना म्हणाली,
याला स्वायत्त चेतासंस्था म्हणतात.
मी म्हटलं, आम्ही फोरमन म्हणतो.
मालक सान्तियागोला, फोरमन मेंढ्यांत.
ती हसली. मग कागदावर काढून दाखवलं तिनं,
काय होऊ शकतं ते.
मी नीट ऐकलं नाही. एदुविनानं ऐकलं.

जूनमधली रात्र, दहापर्यंत उजाडत नाही तसली.
एकाएकी डोक्यात घण.
नाक चोंदलं, कान तापले,
कपाळावरून घाम डोळ्यांत.
तिनं मनगट धरलं. नाडी पंचेचाळीस.
यंत्र म्हणालं, दाब दोनशे दहा.
तिनं पांघरूण ओढून काढलं
आणि दिव्यात मला माझे पाय दिसले,
पांढरेफटक, गार,
आणि त्यांच्यावर काटा.

जे पाय मला ओळखत नाहीत
त्यांच्या अंगावर काटा,
नुकतं कातरलेलं कोकरू फाटकात उभं राहतं तसा.
कशाला भ्यालेत हे?

खाली कुणी तरी ओरडत होतं, आवळा, वाहिन्या आवळा.
वरून हुकूम सुटत होता, पुरे.
हुकूम तुटल्या तारेपर्यंत जाऊन
वाऱ्यात लोंबत होता.
एकच नस उरली, कण्याची वाट न धरणारी,
मानेतून थेट उतरणारी. डॉक्टर तिला भटकी म्हणतात.
ती हृदयाचा लगाम ओढत राहिली बिचारी,
घोडा थांबत होता,
उताराची गाडी मागून ढकलतच होती.

एदुविना शाळेत गेली ती चौथीपर्यंत.
तिनं मला बसतं केलं, पाय खाली सोडले,
पट्टा सैल केला, मग गुडघे टेकले
आणि कुंपणाची तार कुठे तुटली ते शोधतात
तशी बोटांनी नळी चाचपत गेली,
पिशवीपासून वर, वर,
माझ्या मांडीखाली.
तिथे पीळ.
बस, एवढंच. रबराच्या नळीला एक पीळ,
आणि वर अडलेली एक भरली पखाल
जिला माझ्यापर्यंत यायला रस्ता नाही,
म्हणून हाताला लागेल ते बडवत सुटलेली.
माझं कपाळ लागलं हाताला.

धार लागली पिशवीत.
मला जाणवली नाही, ऐकू आली.
दोनशे दहा. एकशे साठ. किती तरी वेळ एकशे चाळीस.
मग एकशे पाच, म्हणजे मी.

आता ती खुर्चीतच झोपली आहे,
एक हात माझ्या मांडीवर विसरून.
चुलीतली लाकडं केव्हाच विझली. बाहेर सामुद्रधुनीवरचा वारा.
तिचे हात हिवाळ्यात फार गार असतात,
लग्नाआधीपासून.
मी बघतोय, तिच्या बोटांभोवती
लव हळूहळू उभी राहते आहे.
उठली की सांगेन तिला.
नाहीतर नको, म्हणेल नळी बघू.