सातच्या खाली

खंडेराव मार्केटात सकाळी सव्वासहाला
जशीबेन विचारते, आज काय पूजा आहे का घरी?
एक लिंबू, एक मोसंबं, एक डाळिंब,
एकच गाजर, दोन टोमॅटो, कलिंगडाची फोड,
इतकं थोडं थोडं कुणी नेतं का?
पूजाच आहे, मी म्हणते.
अकरावी ब.

मग किसायचं, कुटायचं, फडक्यातून पिळायचं.
ओळीनं चंचुपात्रं, त्यांवर चिकटपट्टी,
चिकटपट्टीवर माझं अक्षर,
जे सातवीनंतर फारसं कुठं लागलं नाही.
चाखायचा रस वेगळा, स्टीलच्या वाट्यांत.
काचेतलं तोंडाला लावायचं नाही,
हा बिवलकर सरांचा नियम,
आणि दुसरा नियम: आधी जीभ, मग मीटर.

मुलं चाखतात, डोळे मिटतात, आकडा टाकतात.
लिंबाला दोन. यावर वाद नाही.
टोमॅटोला कुणी पाच, कुणी तीन.
डाळिंबाला सहा. मागच्या बाकावर तर सात.
मीटर म्हणतो, तीन पूर्णांक एक.

ओ सर, मीटर बगडलं!
बगडलं नाही रे, सर म्हणतात, त्याला जीभ नाही एवढंच.
साखर आंबटपणा कमी करत नाही.
ती फक्त त्याच्यापुढे उभी राहते.

आणि एक पायरी म्हणजे एक नव्हे, दहापट.
दोन पायऱ्या उतरलात तर शंभर.
मुलं हे वहीत घेतात, खाली रेघ मारतात.
मी बेसिनपाशी पाण्याची धार बारीक करते.

माझी नणंद कुंदा. तिचा आवाज डाळिंबाचा.
वहिनी, तुम्ही बसा हो, किती दमता,
कागदपत्रांचं मी बघते ना.
तिनं बघितलं.
घरपट्टीच्या पावतीवर आता माझं नाव नाही.
चव आठवली तर अजून गोडच लागते,
खोटं कशाला बोलू.

दोन रसांच्या मध्ये मीटरची काडी धुवायची,
हे काम माझं. डिस्टिल्ड पाणी, मग टिपकागद,
घासायचं नाही, टिपायचं.
नाहीतर लिंबू गाजरात बोलतं,
आणि बिचाऱ्या गाजराला
आपण उगाच आंबट ठरवतो.
कितीदा ठरवलंय.

गाजर निघालं सहाच्या जरा वर.
सगळ्यांत सौम्य तेच.
तेव्हा मोहित्यांची निधी उभी राहिली:
सर, सातच्या वर कोण?

सरांनी फळा वरून खाली वाचला,
मग पुन्हा खालून वर.
या टेबलावर कुणी नाही, म्हणाले.
सात म्हणजे पाणी. तेही अगदी शुद्ध,
आणि झाकण लावलेलं असेपर्यंतच.
उघडं ठेवलं की हवेतलं काहीबाही पिऊन
तेही उतरतं हळूहळू.

घंटा झाली. मुलं गेली, वाट्या चाटून.
सरांनी फळ्याकडे तोंड करून
खिशातली गुलाबी गोळी चघळली.
मी पाहिलं नाही असं ते समजतात.
गेल्या दिवाळीपासून दिवसाला दोन व्हायच्या,
आता चार.

संध्याकाळी दांडिया बाजारच्या कोपऱ्यावर
उसाचं चरक घुंगरू वाजवत होतं.
पोऱ्यानं ग्लास भरला, हिरवट, फेसाळ,
आणि अर्धं लिंबू बोटांत धरून विचारलं,
नाखुं, बेन?

मी क्षणभर हिशेब केला.
पाचाच्या आसपास असेल ऊस.
चार थेंबांत एक पायरी. दहापट.
आणि गोडी तेवढीच राहणार, तसूभर कमी नाही.

नाख, म्हटलं.
आणि मी बघत असताना नाख.