पाण्यात पाहणे

इंजिन ओरडायचं, काटा सात हजारांवर,
आणि जेट-स्की जागच्या जागी. नुसता फेस.
जुलैतली दुपार, होटन लेकच्या मधोमध
लाइफ जॅकेट घालून बसलेल्या दोन शहाण्या, ऋजुता आणि मी.
हातांनी पाणी मारत किनारा गाठला.
वेंडेल त्याच्या धक्क्यावर उभा होता.
त्याने हात केला. मी नाही केला.

मे महिन्यात त्यानेच विकली होती,
पंप ठणठणीत आहे म्हणाला होता.
फसवलं, असं मी घरी सांगितलं, ऑफिसात सांगितलं,
फोनवर सांगलीच्या मावशीलाही सांगितलं,
जिला जेट-स्की म्हणजे काय ते अजून कळलेलं नाही.
सगळा उन्हाळा मी त्याला पाण्यात पाहिलं.
सोपं होतं. पाणी दोघांच्याही दारात.

ऑक्टोबर. ट्रेलरखाली मेपलची पानं.
मागचं नोझल उतरवलं. तीन बोल्ट सुटले,
चौथ्याने पाऊण तास घेतला
आणि माझ्या अंगठ्याची साल.
शंकूतलं तेल थाळीत ओतलं तर दुधाळ, करडं:
कुठेतरी पाणी मुरतंय म्हणतात, ते हे.
बेअरिंग बोटाने फिरवली,
भाकरीत खडा लागावा तशी करकरली.
इम्पेलरचं पातं आणि भोवतालची रिंग
यांच्यामध्ये केसाएवढी फट चालते.
माझं लायब्ररीचं कार्ड आत गेलं.
एवढ्यातून सगळा जोर निसटतो,
पाणी मागे फेकलं जात नाही,
घुसळलं जातं फक्त.

आणि शाफ्टवर
वितळून दगड झालेली पिवळी नायलॉनची दोरी.
टोकाला निळी चिकटपट्टी.

ती पट्टी मी गुंडाळली होती.
ट्यूब ओढायची आमची दोरी,
हरवली म्हणून दोन दिवस शोधलेली,
वेंडेलच्या बोटीतसुद्धा,
तो घरी नसताना.

स्टुलावर बसून राहिले, पक्कड हातात.
नवी रिंग आकसायला फ्रीझरमध्ये ठेवली,
मटार आणि खवलेल्या नारळाच्या मध्ये.
इम्पेलर सोडवायला एक खाचांचं अवजार लागतं,
ते या रस्त्यावर कुणाकडे आहे
मला चांगलं ठाऊक होतं.

दोरीचा गोळा घेऊनच गेले.
वाटेत जुळवलेली वाक्यं दारात एकही आठवली नाही.
त्याने चष्मा कपाळावरून खाली ओढला,
गोळा उलटसुलट करून पाहिला,
पट्टी नखाने खरवडली.
मग आत जाऊन अवजार आणलं, ग्रीसची नळी आणली,
बुटांच्या नाड्या बांधता बांधता,
वर न बघता म्हणाला,
"तरीच माझ्या बोटीत सापडली नाही तुला."