अस्तर

गंगावेशीतनं आत आलं की बोळातला तिसरा गाळा.
पाटी नाही. डोंगरात जाणाऱ्यांना
पत्ता बरोबर सापडतो.

मी माप नंतर घेते, रंगाचं आधी विचारते.
कुठं जाणार? कुणाला दिसायचंय?
कुणाला दिसायचं नाही?
गिऱ्हाईक हसतं. "जर्किन शिवायचंय ओ मावशी,
स्थळ बघायला आलेलो नाही."

दाजीपूरचे बिरू झोरे जंगलात वाट दाखवतात.
ठाण उजेडाला धरून म्हणाले, निळं नको,
निळं गव्याला लांबनं कळतंय. नारिंगी काढ.
मी म्हटलं, अवो, पेटल्यासारखं दिसाल.
"माणसाला दिसीन की.
गव्याला त्यो पाचोळा वाटतोय."
त्या दिवशी कळलं,
रंग कापडात अर्धाच असतो,
उरलेला बघणाऱ्याच्या डोळ्यात.

मोजे मात्र त्यांनी पांढरट मागितले.
जळू चढली की दिसावी म्हणून.

आणि राजारामपुरीची शर्वाणी इंगवले.
तिला काळंच पाहिजे. काळ्यात बारीक दिसते म्हणे.
मी म्हटलं, बाई, मसाईच्या पठारावर सावलीला झाड नाही,
काळं ऊन पिऊन घेतं,
आणि दिवेलागणीला तुला पुसून टाकतं.
ती म्हणाली, लाल?
लाल लई देखणा, पण आधी तोच उडतो,
दोन उन्हाळ्यांत विटकरी होतो.
पोपटी? "शी! कॉलेजात तोंड कसं दाखवू?"
अर्धा तास आम्ही ठाणं उलगडत बसलो.
मोरपंखी, अबोली, शेवाळी, पारवा,
खाली चहा निवून गेला.
शेवटी वरून आमसुली ठरलं,
आतून हळदीसारखं पिवळंधमक अस्तर.
आतलं कोण बघणार, म्हणून तिनं
अस्तराचे चाळीस रुपये कमी करायला लावले.
महिन्यानं आली ती जर्किन उलटं घालून.
वाट चुकली नव्हती, धुकं नव्हतं, काही नव्हतं.
"मावशी, पिवळंच जास्त भारी दिसतंय."
शिवण सगळी बाहेर, दोरे लोंबतायत,
आणि पोरगी बोळातनं अशी चालली
की समोरच्या भांडीवाल्यानं कल्हई थांबवली.
मी ते चाळीस रुपये सोडून दिले.

मी रंगाचं आधी का विचारते,
हे मला फारसं कुणी विचारत नाही.
महापुराच्या साली आमचे हे
आंबेवाडीकडं दूध पोचवायला गेले, काहिलीत बसून.
अंगात गव्हाळी जर्किन, मीच शिवलेलं.
मळखाऊ रंग, म्हणून मीच निवडलेला.
पंचगंगेचं पाणीही त्या रात्री
तसंच गव्हाळी होतं, पार उसाच्या शेंड्यापर्यंत.
काहिल उलटली. हे बाभळीला धरून राहिले.
बोटीतल्या पोरांचा बॅटरीचा उजेड
दोनदा त्यांच्या अंगावरून गेला,
थांबला नाही.
तिसऱ्यांदा थांबला, तो दुधाच्या किटलीच्या
झाकणावर.

आता ते गाळ्यातच असतात, काजं करतात,
दुपारी मशीनला टेकून डुलकी काढतात.
केशरी शिवलं, घातलं नाही.
"मी काय मिरवणुकीत जाणाराय?"
पोपटी शिवलं, ते पुतण्यानं नेलं.
अजून गव्हाळीच पाहिजे. मळत नाही म्हणतात.
भांडण करून बघितलं, रुसून बघितलं.
रंगाच्या बाबतीत माणूस
मरणालासुद्धा ऐकत नाही.

मग एका रात्री ते झोपल्यावर
कॉलरच्या खाली, पाठीवर,
शर्वाणीच्या अस्तरातली उरलेली
चार बोटं पिवळी पट्टी लावली, दुहेरी टीप मारून.

रोज पहाटे ते दूध आणायला जातात.
मी दारात उभी राहून
बोळाच्या वळणापर्यंत ती पट्टी बघते.
त्यांना अजून माहीत नाही.
ती दिसते तेव्हा ते पाठमोरे असतात.